ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे! पेट्रोलचा हिशेब कापसाच्या काट्यावर



कापसाची गाठोडी आणि ज्वारीची पोती बाजारापर्यंत ओढायला आता गावोगाव लहान मालवाहू गाड्या आल्या आहेत. ‘छोटा हत्ती’ २००५ साली आला तेव्हा डिझेलवर चालत होता. आज तसल्या गाड्या पेट्रोलवरही मिळतात. गाडी घेताना आपण शंभर-शंभर रुपयांसाठी घासाघीस करतो. पंपावर मात्र “साधं टाकू की प्रीमियम?” असे कोणी विचारले की आपली जीभ जड होते. माल भरलेला आहे, घाट चढायचा आहे, महागाचे टाकले तर गाडी जोरात ओढेल, असे वाटून आपण मान डोलावतो. या अज्ञानावर कोणाचे तरी दुकान चालते, आणि त्या दुकानाचे भाडे आपण भरतो.

ऑक्टेन म्हणजे काय ते आधी समजून घेऊ. इंजिनात पेट्रोलची वाफ आणि हवा दाबली जाते, मग प्लगची ठिणगी पडते आणि ती पेटते. पण दाबाने आणि उष्णतेने हे मिश्रण ठिणगीची वाट न पाहता कुठेतरी आपोआप भडकले, तर इंजिनात टकटक आवाज येतो. मिस्त्री म्हणतो, इंजिन ठोकते आहे. असे फार दिवस चालले तर पिस्टन खराब होतो. पेट्रोल ही ठोक किती सोसते त्याचे माप म्हणजे ऑक्टेन. आयसो-ऑक्टेन या द्रव्याला १०० गुण आणि हेप्टेनला शून्य. ९१ भाग पहिले आणि ९ भाग दुसरे यांचे मिश्रण जेवढे सोसेल तेवढे सोसणारे पेट्रोल म्हणजे ९१ ऑक्टेनचे.

बैलाच्या भाषेत सांगायचे तर ऑक्टेन ही बैलाची ताकद नव्हे. इशारा होण्याआधी बैल उधळत नाही, तो हा गुण. शांत बैल जास्त ओझे ओढतो असे कोणी म्हणणार नाही. जास्त दाबाच्या किंवा टर्बो लावलेल्या इंजिनाला जास्त ऑक्टेन लागते, कारण तिथे उधळण्याचा धोका मोठा. ज्या इंजिनाची बांधणीच ९१ वर चालण्यासाठी झाली, त्यात १०० ऑक्टेन ओतले तरी ओढ वाढत नाही. नाकापेक्षा मोती जड, एवढेच. गाडीच्या पुस्तिकेत कोणते पेट्रोल लागते ते छापलेले असते. तेवढे पाळा. आणि ज्यांची गाडी डिझेलची आहे त्यांना ऑक्टेनचे नावही कोणी सांगू नये. डिझेलचे माप वेगळे, त्याला सिटेन म्हणतात.

आता हिशेब करू. गाडी महिन्याला ९०० किलोमीटर चालते आणि लिटरला १५ देते असे धरा. म्हणजे ६० लिटर. महागड्या पेट्रोलला लिटरमागे ७ रुपये जादा मोजले तर महिन्याला ४२०, वर्षाला ५,०४० रुपये. कापूस क्विंटलला ७,००० ने गेला असे धरले तर हा ७२ किलो कापूस झाला. पेरणी, खुरपणी, फवारणी, वेचणी करून घरात आणलेला ७२ किलो कापूस आपण एका शब्दाच्या भुरळीवर पंपावर ओतून येतो. या पेट्रोलात इंजिन साफ ठेवणारी द्रव्ये असतात, असे विकणारे सांगतात. असतील. पण त्यांची किंमत ७२ किलो कापूस आहे काय, हे ज्याने त्याने ठरवावे.

खरी मौज पुढे आहे. केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५ साली सांगितले की पूर्वी देशात साधे पेट्रोल ८८ ऑक्टेनचे होते, मग ९१ चे झाले, आणि २० टक्के इथेनॉल मिसळल्यावर ते ९५ चे झाले आहे. हे खरे धरायचे तर साध्याच पेट्रोलात ९५ मिळत असताना ‘९५’ च्या पाटीसाठी जादा पैसे कशाचे? आणि खरे नसेल तर मंत्रालयाने तसे सांगावे. दोन्ही बाजूंनी आमच्याच खिशात हात, हे चालायचे नाही.

इथेनॉलचे ऑक्टेन जास्त आहे यात शंका नाही. पण लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश एवढीच उष्णता असते. म्हणून नीती आयोगाच्याच २०२१ च्या आराखड्यात जुन्या बांधणीच्या चारचाकींचे अ‍ॅव्हरेज २० टक्के मिश्रणावर ६ ते ७ टक्के घटेल असे लिहिले आहे. आपल्या ६० लिटरमागे हे साडेतीन-चार लिटर झाले. माल हलका दिला तर व्यापारी भाव पाडतो. मग पेट्रोल हलके झाले तर त्याचा भाव का पाडू नये?

आम्ही इथेनॉलच्या विरोधात नाही. शेतमालाला नवे गिऱ्हाईक मिळत असेल तर त्याचे स्वागतच आहे. पण “हे सारे शेतकऱ्यासाठी” असे म्हणणाऱ्यांना विचारले पाहिजे, कोणत्या शेतकऱ्यासाठी? इथेनॉल खरेदीत उसाच्या रसाला दर आहे, मळीला आहे, मक्याला आहे. २०१८ च्या जैवइंधन धोरणात गोड ज्वारीचे नाव आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गोड ज्वारीपासून इथेनॉल करण्यावर कित्येक वर्षे काम केले. पण कोरडवाहू शिवारात त्याचा पैसा आला नाही. आणि ज्याला दर आहे त्याचीही शाश्वती किती? डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने एका फर्मानाने उसाच्या रसाचे इथेनॉल थांबवले आणि थोड्याच दिवसांत ते सैल केले. जिथे ऊसवाल्याची ही गत, तिथे ज्वारीवाल्याला कोण पुसतो? पंपावर मात्र ऊसवाला आणि ज्वारीवाला सारखेच पैसे मोजतात.

तेव्हा उद्यापासून एवढे करा. पुस्तिकेतले ऑक्टेन पाहा, त्याहून महाग घेऊ नका. इंजिन ठोकत असेल तर आधी प्लग, साचलेला कार्बन, पाणी कमी होऊन तापणारे इंजिन तपासा. भरल्या गाडीला चढावर वरच्या गिअरमध्ये रेटू नका. भेसळीनेही ऑक्टेन घसरते. पंपावर फिल्टर पेपर, घनता तपासण्याची साधने आणि पाच लिटरचे प्रमाणित माप ठेवणे बंधनकारक आहे. ते मागा, लाजू नका. इथेनॉल पाणी ओढते, म्हणून हंगाम संपल्यावर गाडी महिनोन्‌महिने जुन्या पेट्रोलवर उभी ठेवू नका. गाडी २०२३ च्या आधीची असेल तर रबरी नळ्या पाहून घ्या.

आणि जिल्हा मेळाव्यात तीन मागण्या मांडा. प्रत्येक पंपावर, प्रत्येक नळीवर ऑक्टेन आणि इथेनॉलचे प्रमाण मराठीत ठळक लिहा. पेट्रोलमधली उष्णता घटली त्या प्रमाणात दर घटवा. इथेनॉलच्या खरेदीत गोड ज्वारीला तिचा स्वतःचा दर द्या.

काट्यावर फसायचे नाही हे आपण कापसाच्या बाजारात शिकलो. आता पंपावरही डोळे उघडे ठेवू.