रताळे उपवासापुरतेच का?

महाशिवरात्र जवळ आली की भिवंडीत तीन बत्तीच्या भाजीबाजारात रताळ्यांचे ढीग दिसू लागतात. उपवास सुटला की त्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. मग आठवण होते ती एकदम आषाढी एकादशीला! बरे, आणतो त्या दिवशी तरी काय करतो? तुपात परतून वर साखरेचा पाक. मैत्रिणींनो, या गुणी कंदाची ही परवड आता पुरे.

उपवासाच्या दिवशी घरची बाई सगळ्यांचे फराळाचे करते आणि स्वतः बशीभर खिचडी नि दोन कप चहावर दिवस काढते. यंत्रमागावर जाणारे माणूस घरात असेल तर पाळीच्या वेळेप्रमाणे डबाही द्यायचा असतो. उपवास आहे म्हणून काम थोडेच थांबते? साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. पोट भरल्यासारखे वाटते, पण त्यात चोथा नाही आणि प्रथिने अगदी नावाला. शंभर ग्रॅम रताळ्यात सुमारे ८६ उष्मांक, ३ ग्रॅम चोथा आणि तीनशेहून अधिक मिलिग्रॅम पोटॅशियम असते. प्रथिने मात्र दीड ग्रॅमच, म्हणून जोडीला दही नाहीतर दाण्याचे कूट हवेच.

आता रंगाची गोष्ट. ‘रताळ्यात अ जीवनसत्त्व भरपूर’ असे सरसकट सांगतात, ते अर्धेच खरे. हे जीवनसत्त्व शरीरात तयार होते ते बीटा कॅरोटीनपासून, आणि ते असते केशरी गराच्या रताळ्यात. आपल्याकडे नेहमी मिळणाऱ्या पांढऱ्या गराच्या रताळ्यात ते फारच थोडे. साल लाल दिसली म्हणून फसू नका, गर पाहा. केशरी गराचे शंभर-सव्वाशे ग्रॅम रताळे लहान मुलाची दिवसाची गरज भागवते. आफ्रिकेत या रताळ्याचा प्रसार करणाऱ्या शास्त्रज्ञांना २०१६ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आपल्या देशातही तिरुवनंतपुरमच्या कंदपिके संशोधन संस्थेने ‘भू सोना’ ही केशरी जात काढली आहे. बाजारात दिसली तर जरूर घ्या. नाही मिळाली तर गाजर, भोपळा, पालेभाजी आहेच. पांढरे रताळे चोथ्यासाठी खावे.

करायला सोपे म्हणजे दह्यातले रताळे. अर्धा किलो रताळी स्वच्छ धुऊन सालासकट कुकरमध्ये वाफवा. भांड्यात पाणी घालू नका, गोडी पाण्यात जाते. सोलून फोडी करा, त्यात अर्धी वाटी दाण्याचे कूट, वाटीभर दही, मीठ घाला आणि चमचाभर तुपात जिरे-मिरचीची फोडणी द्या. तूप टाळू नका, थोडा स्निग्धांश असला की कॅरोटीन अंगी लागते. मुलांना शाळेतून आल्यावर बिस्किटांऐवजी नुसते उकडलेले रताळे मीठ-लिंबू लावून द्या, आवडीने खातात.

घरात मधुमेहाचे माणूस असेल तर भाजलेल्यापेक्षा उकडलेले बरे. भाजलेल्याने रक्तातली साखर लवकर वाढते. तेही पोळी-भाताच्या ऐवजी, वर आणखी नव्हे. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर पोटॅशियममुळे आधी डॉक्टरांना विचारावे.

घेताना मध्यम आकाराची, टणक रताळी निवडा. फ्रीजमध्ये ठेवू नका, आतून कडक होऊन चव जाते. टोपलीत वाऱ्यावर ठेवा. कोंब आले तर बटाट्यासारखी भीती नाही, कोंब काढून वापरता येते. पण काळे डाग पडून कडवट लागणारे रताळे मात्र सरळ टाकून द्या. त्यातले विष शिजवूनही जात नाही, आणि डागापुरते कापून उरलेले मुलांना देणे तर मुळीच नको.