रक्ताची उलटी आणि ‘पुढे घेऊन जा’

राजेहो, दोन मिनिटं काढून वाचा.

लेकरू शाळेत जातं, खेळतं. पोट जरा मोठं दिसतं, एवढंच. एका रात्री भडाभडा रक्ताची उलटी होते. गावात कुजबुज, ‘बाहेरचं असेल.’ मोठ्या माणसाला झाली तर निकाल तयारच, ‘दारू नडली.’ आणि दवाखान्यात एकच वाक्य, ‘पुढे घेऊन जा.’

आधी आजार समजून घ्या. आतडी आणि पानथरीचं रक्त लिव्हरकडे नेणारी मोठी शीर म्हणजे पोर्टल व्हेन. काही मुलांमध्ये ती लहानपणीच गुठळीनं बंद होते. लिव्हर मात्र चांगलं असतं! पाट तुंबला की पाणी बांध फोडतं, तसं हे रक्त अन्ननलिकेतल्या पातळ शिरांत घुसतं. त्या फुगतात आणि फुटतात. मोठ्यांमध्ये बहुतेकदा कारण सिरोसिस. त्यामागे दारू असते, तशी ब आणि क प्रकारची कावीळही असते. म्हणून पेशंटला आधी बेवडा ठरवणं बंद करा.

इलाज आहे. रक्त, सलाईनमधून औषध आणि शक्यतो १२ तासांच्या आत दुर्बिणीतून फुटलेल्या शिरेला रबरी बँड. तरी परत परत रक्त येत असेल तर शंट, म्हणजे पानथरीची शीर डाव्या किडनीच्या शिरेला जोडून रक्ताला नवी वाट करून देणं. सिरोसिसच्या पेशंटला हे ऑपरेशन जपून करावं लागतं, कारण लिव्हरला वळसा घालून गेलेलं रक्त मेंदूला बाधू शकतं. पण लिव्हर चांगलं असलेल्या मुलाची एकाच ऑपरेशनमध्ये या रक्तस्रावातून बहुधा सुटका होते.

आता सांगा, शंटची जास्त गरज कुणाला? दुर्बिणीपासून दहा मिनिटांवर राहणाऱ्या शहरातल्या पोराला, की सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद, संग्रामपूरकडच्या पोराला?

९ ऑक्टोबर २०२४ ला आपल्या मेडिकल कॉलेजचं ऑनलाइन उद्घाटन झालं. बॅनर लागले, पेढे वाटले. शंट बुलडाण्यातच करा, असा माझा हट्ट नाही. ते मोठ्या सेंटरचं काम. पण पहिली रात्र आपली आहे. रात्री दोन वाजता दुर्बीण कोण टाकणार? बँड, औषध, रक्त हाताशी आहे का? पुढे पाठवायचं तर कुठे, आणि तिथल्या डॉक्टरांशी आधी फोनवर कोण बोलणार? शाळेच्या आरोग्य तपासणीत वाढलेली पानथरी कोणी हातानं चाचपतं का?

‘असे पेशंट असतात तरी किती?’ असं कोणी म्हणेल. ज्याचं लेकरू आहे, त्याला मोजायला सांगा.

लोकप्रतिनिधींनी या प्रश्नांची उत्तरं लेखी द्यावीत. आणि तुम्ही? काळी डांबरासारखी शौच किंवा रक्ताची उलटी दिसली की भगताकडे नाही, थेट १०८ ला फोन.

पटलं तर गावच्या ग्रुपवर टाका.