श्रेयनामावलीत नसलेली विमानं

जुन्या चित्रपटात विमान दिसलं की मी चित्र थांबवते. नायकाचं बोलणं नंतर ऐकता येतं. आधी पाहायचं ते इंजिनं किती आणि कुठे बसवलीत, शेपूट कशी आहे, चाकं कुठून बाहेर येतात. विमानावर रंगवलेल्या नावावर मात्र भरवसा ठेवायचा नाही. नाव पटकथेतलं असतं, सांगाडा कारखान्यातला.

१९५३ सालचा ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स’ घ्या. मंगळावरून आलेल्या यंत्रांवर अणुबॉम्ब टाकायला एक विमान येतं. त्याला ना धड, ना शेपूट. नुसता एक अवाढव्य पंख. हीही स्टुडिओतलीच करामत असणार, असं वाटून जातं. पण ते नॉर्थ्रॉप कंपनीचं वायबी-४९ आहे, खरोखर उडालेलं. त्याच्या आधीच्या भावंडाला प्रोपेलर होते. ते काढून आठ जेट इंजिनं बसवली, तेव्हा दिशा स्थिर राखायला प्रोपेलरची होणारी मदतही गेली. म्हणून पंखाच्या मागच्या कडेवर चार छोट्या उभ्या फिन लावाव्या लागल्या. प्रोपेलर नाहीत आणि त्या चार फिन आहेत, एवढं दिसलं की ओळख पटते.

ओळख पटली की पुढचं कळतं, आणि त्यानंतर ते दृश्य करमणूक म्हणून पाहवत नाही. ५ जून १९४८ रोजी कॅलिफोर्नियातल्या म्युरॉक तळाजवळ यातलं एक विमान हवेतच मोडलं. आतले पाचही जण गेले. त्यांतले सहवैमानिक कॅप्टन ग्लेन एडवर्ड्‌स तीस वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी त्या तळाला त्यांचं नाव दिलं गेलं. दुसरं विमान मार्च १९५० मध्ये धावपट्टीवरच्या चाचणीत जळालं. म्हणजे चित्रपट लागला तेव्हा आठ इंजिनांची ही दोन्ही विमानं संपलेली होती. आज वायबी-४९ कुठल्याही संग्रहालयात नाही. १९८९ साली तसंच नुसता पंख असलेलं बी-२ बॉम्बफेकी विमान उडालं, त्याच्या पंखांचा विस्तारही बरोबर वायबी-४९ इतकाच, १७२ फूट. कंपनीचे संस्थापक जॅक नॉर्थ्रॉप यांची कल्पना चुकीची नव्हती, तिला सांभाळणारे संगणक तेव्हा नव्हते, असं मला ठामपणे वाटतं.

याच एडवर्ड्‌स तळावर ‘टुवर्ड द अननोन’ (१९५६) चित्रित झाला. विल्यम होल्डन त्यात चाचणी वैमानिक आहे आणि त्याच्या विमानाचं नाव आहे ‘गिल्बर्ट एक्सएफ-१२०’. असं विमान कधी बनलंच नाही. दोन इंजिनं पुढच्या बाजूला पोटाखाली लटकलेली, तिसरं शेपटीत, आणि इंग्रजी टी अक्षरासारखी उंच शेपूट: हे मार्टिन कंपनीचं एक्सबी-५१. अशी दोनच बांधली गेली. एक १९५२ साली कोसळलं. चित्रपटात दिसणारं २५ मार्च १९५६ रोजी एल पासो इथे उड्डाण करताना पडलं. दोन्ही वेळा माणसं गेली.

या चित्रपटांच्या श्रेयनामावलीत केशभूषाकारालाही जागा मिळते, ती मिळायलाच हवी. विमानाला मात्र नाही. जुन्या प्रिंट दुरुस्त करून नव्यानं प्रदर्शित करणाऱ्यांनी सोबतच्या माहितीत विमानाचं खरं नाव आणि ते चाचणीत उडवणाऱ्यांची नावं छापावीत. एक्सबी-५१ च्या बाबतीत तर चार ओळी पुरतील.