एकवीस गिअर आणि दीड ब्रेक

सायकल हा विषय मी काढला की आमच्या घरातल्या माणसांना एकाएकी कामं आठवतात. सौभाग्यवतींना कुकरची शिट्टी ऐकू येते. कुकर चढवलेला नसला तरी येते. तेव्हा घरात जे कुणी ऐकून घेत नाही, ते इथं लिहितो. म्हणणं एवढंच आहे, की आपण सायकल घेताना गिअर मोजतो आणि ब्रेक गृहीत धरतो, हे साफ उलटं आहे. आधी ब्रेक बघावेत, मग मुठी, आणि पैसे उरलेच तर गिअर.

तुम्ही म्हणाल, मनोरला राहून याला हे सुचतं कसं? अहो, मनोरला राहूनच सुचतं! एका अंगाला मुंबई–अहमदाबाद महामार्ग, दुसऱ्या अंगाला पालघरचा रस्ता आणि त्यावर वाघोबा खिंड. महामार्गाशी आलं की थांबता यावं लागतं, खिंड उतरताना थांबता यावं लागतं. खिंड चढताना थांबायची विद्या मात्र शिकावी लागत नाही. ती माझ्या वयाला आपोआप येते.

आमचा पुतण्या बोईसरला एमआयडीसीत नोकरीला आहे. त्याने नवी सायकल घेतली आणि दारात उभी करून म्हणाला, "काका, एकवीस गिअर!" पुढे तीन चकत्या, मागे सात, तीन साते एकवीस. मी चष्मा लावून दाते मोजले. पुढे 42, 34 आणि 24. मागे 14 पासून 28 पर्यंत. आता 42 वरून 28 वर साखळी घातली, तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक दीड फेरे घेतं. 24 वरून 16 वर घातली, तरी दीडच! म्हणजे एकच गिअर दोनदा मोजलेला. शिवाय 34 ला 14 हे प्रमाण माझ्या काळ्या सायकलच्या 44 ला 18 शी जवळजवळ जुळतं. एकवीसातला एक गिअर माझ्याकडे वडिलांच्या वेळेपासून होता. आम्ही त्याला गिअर म्हणत नव्हतो, सायकल म्हणत होतो.

खोटं कशाला बोला, सगळ्यात हलक्या गिअरवर तो खिंड बसून चढतो, मी उतरून चढतो. तेवढं श्रेय गिअरला दिलंच पाहिजे. पण गोष्ट उतारावरची आहे.

त्या सायकलला पुढे-मागे डिस्क ब्रेक होते आणि ते किंचाळायचे. किंचाळणाऱ्या वस्तूला तेल घालावं, हे आमच्या पिढीचं शास्त्र. दार, पाळणा, शिवणयंत्र, सगळ्यांना मी आजवर याच शास्त्राने गप्प केलं आहे. एका शनिवारी पुतण्या झोपलेला असताना मी शिवणयंत्राच्या तेलाचे चार-चार थेंब दोन्ही चकत्यांवर सोडले. ब्रेक गप्प झाले. इतके गप्प, की रविवारी वाघोबाला नमस्कार करून पोरगा पालघरच्या बाजूला उतरू लागला, तेव्हा मुठी मुकाट्याने आवळल्या गेल्या आणि सायकल मुकाट्याने धावत राहिली. शेवटी ती करवंदीच्या जाळीत थांबली. मागून येणाऱ्या टेम्पोवाल्याने त्याला उचलला. कोपर आणि गुडघा सोलून निघाला होता. टेम्पो मागून येण्याऐवजी समोरून आला असता, तर हा लेख मला लिहवला नसता.

दोष माझा, शंभर वेळा कबूल. पण ज्याने सायकल विकली त्याने तासभर एकवीस गिअरचं पुराण सांगितलं. 'चकतीला तेलाचं बोट लावू नका' हे पाच शब्दांचं वाक्य त्याला सांगता आलं नसतं? तेल प्यायलेले पॅड मग फेकून नवे घालावे लागले.

गंमत अशी, की माउंटन बाईकच्या जन्मपत्रिकेत पहिल्या घरात ब्रेकच आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये 1976 साली काही मंडळींनी जुन्या जाडजूड सायकली डोंगरावरून खाली सोडायच्या शर्यती सुरू केल्या. त्या सायकलींना पायडल उलटं दाबून लागणारा, मागच्या हबातला ब्रेक होता. उतार संपेपर्यंत हब असा तापे की आतलं ग्रीस जळून जाई. मग हब उघडायचा आणि पुन्हा ग्रीस भरायचं. त्यावरून त्या उताराचं नावच पडलं 'रीपॅक'. आपण त्या खटाटोपातलं सोयीचं तेवढं उचललं, जाड टायर आणि गिअर!

माझ्या काळीचे दांडीचे ब्रेक मी आजवर भक्तिभावाने वापरले. पण पावसात भिजलेल्या पोलादी रिमवर ते ब्रेक नव्हेत, नुसती विनंती असते. त्यापेक्षा ॲल्युमिनियमची रिम आणि तिला दोन्ही बाजूंनी धरणारे व्ही-ब्रेक बरे. रबर स्वस्त, आणि गावातला कुठलाही सायकलवाला ते बदलून देतो. पावसाचिखलात डिस्कच श्रेष्ठ, यात वाद नाही. पण वायरची डिस्क पॅड झिजतील तशी आवळत राहावी लागते. ती कोण आवळणार, ते घेतानाच ठरवावं. तेलाच्या दाबावर चालणारी डिस्क पॅडची झीज आपली आपण भरून काढते आणि एका बोटाने लागते. पण ती महाग. तेव्हा पैसे बेताचे असतील, तर हलक्या डिस्कपेक्षा चांगला व्ही-ब्रेक घ्यावा, हे माझं ठाम मत. भांडायला येणाऱ्याने चहाच्या वेळी यावं.

गिअरच्या मुठीचंही तेच. पिळून बदलायची मूठ दुकानात छान वाटते. उतारावर घाबरून घट्ट धरली, हात घामेजलेला असला, की ब्रेक लावता लावता गिअरच बदलतो. अंगठ्याने आणि बोटाने दाबायचा खटका बरा. हात जागचा हलत नाही.

परवा मस्तान नाक्याशी शाळेची एक पोर सायकल थांबवत होती ती चपलेने! चप्पल घासत घासत महामार्गाच्या कडेला आली. विचारलं तर म्हणाली, "काका, ब्रेकपर्यंत बोटं पुरत नाहीत." बघतो तर ब्रेकच्या मुठीला, पुष्कळ नव्या सायकलींना असतो तसा, एक बारीक स्क्रू होता. तो आत पिळला की मूठ हँडलच्या जवळ येते. खर्च शून्य. दुकानात हे कुणी तिला सांगितलं नव्हतं, आणि तिच्या वडिलांनी विचारलं नव्हतं. दोन फेऱ्यांत बोटं पोचली, मग वायर थोडी ताणून दिली. तिने दोनदा ब्रेक दाबून बघितला, हसली आणि निघून गेली.

तेव्हापासून मी खिशात स्क्रू-ड्रायव्हर ठेवतो. शिवणयंत्राच्या तेलाची बाटली मात्र सौभाग्यवतींनी कुलपात ठेवली आहे. किल्ली मागितली, की त्यांना कुकरची शिट्टी ऐकू येते.