विश्लेषण : युरोपात जायचे, पण नेमके कुठे?

मे महिन्याच्या सुट्टीत युरोपचा बेत आखणारी अनेक कुटुंबे देशांची यादी करतात, दिवस मोजत नाहीत. ‘दहा दिवसांत सात देश’ अशा सहलीत बराचसा वेळ बसमध्येच जातो.

नियम काय आहे?

शेन्गेन क्षेत्रात २९ देश आहेत. तिथे पर्यटकाला कोणत्याही १८० दिवसांत कमाल ९० दिवस राहता येते. ब्रिटन, आयर्लंड त्यात नाहीत. व्हिसाचा अर्ज सर्वाधिक मुक्काम असलेल्या देशाकडेच करायचा असतो. मुक्काम समान असल्यास प्रथम प्रवेशाच्या देशाकडे.

गल्लत कुठे होते?

अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून भलत्याच देशाकडे अर्ज केला जातो. हॉटेलांची आरक्षणे त्याच्याशी जुळली नाहीत, तर व्हिसा नाकारला जाऊ शकतो. प्रौढांचे प्रत्येकी ९० युरो शुल्कही परत मिळत नाही. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. त्यामुळे आधी देश ठरवावा, मग अपॉइंटमेंट शोधावी.

मग निवड कशी करावी?

एकमेकांना लागून असलेले दोन-तीन देश निवडावेत. व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा आणि बुडापेस्ट या राजधान्यांमधला रेल्वेप्रवास एकेका टप्प्याला तीन तासांहून कमी आहे. व्हेनिसने २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी एका दिवसापुरत्या येणाऱ्या पर्यटकांकडून शुल्क घेणे सुरू केले. मुक्कामी पाहुण्यांना ते नाही. धावत्या भेटी त्या शहरालाही नको झाल्या आहेत. चार देश वगळल्याने सहल अपुरी राहत नाही. उलट, उरलेले देश नीट पाहून होतात.