हलक्या हाताची महती

सुई टोचणाऱ्याचा हात हलका असला, की आपण त्याचे कौतुक करतो. यंत्रमानवाच्या बाबतीत मात्र बळाचेच कौतुक! १९६१ साली न्यू जर्सीतील जनरल मोटर्सच्या कारखान्यात ‘युनिमेट’ तापलेले ओतीव भाग उचलू लागला, तेव्हापासूनचे. पण १० किलो पेलणाऱ्या यंत्राचा पंजाच ४ किलोचा असेल, तर मालासाठी उरतात ६. शिवाय जड पंजा चटकन थांबत नाही. शेजारच्या कामगाराला लागला, तर इजा मोठी. पोलादाऐवजी ॲल्युमिनियम वापरले, तर तेवढ्याच आकाराचे वजन जेमतेम तिसरा हिस्सा भरते. निसर्गानेही आपली बोटे सडपातळ ठेवून ती ओढणारे मोठे स्नायू मनगटामागे बसवले. अभियंत्यांनी तोच कित्ता गिरवावा. बळ पुष्कळ झाले. आता शेजारी उभ्या माणसाचा विचार आधी व्हावा.