मागच्या चाकाचा आवाज

तासगावात बेदाण्याचा व्यापार करणाऱ्या एका कुटुंबात श्रावणाच्या अखेरीस एका सायकलीवरून वाद उत्पन्न झाला. सायकल घरातील सर्वांत वयोवृद्ध गृहस्थांची, ज्यांना लहानथोर सारे आण्णा म्हणतात, त्यांची. काळ्या रंगाची, उंच दांड्याची, सळईच्या ब्रेकची आणि मागे भक्कम कॅरिअर असलेली ही सायकल दुकानाच्या पायऱ्यांशी गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षे उभी राहत आली आहे. आण्णा रोज सकाळी तिच्यावरून जिनमंदिरात जातात, दर्शन झाल्याशिवाय पाणीही घेत नाहीत, आणि परतताना भाजी घेऊन येतात. वय अठ्ठ्याहत्तर. दृष्टी चांगली, गुडघे बरे, मात्र दोन्ही कानांनी कमी ऐकू येते.

आषाढापासून सायकलीच्या मागच्या चाकातून घरघर ऐकू येऊ लागली होती. आण्णा गल्लीच्या तोंडाशी आले की सूनबाई स्वयंपाकघरातूनच ते आल्याचे ओळखत. ज्यांना तो आवाज ऐकू येत नव्हता असे घरात एकटे आण्णाच होते. मुलाने एके दिवशी जेवताना स्पष्ट सांगितले, "आण्णा, आता ही सायकल पुरे. भंगारवाला येतो आहे, त्याला देऊन टाकू. मंदिराला मी गाडीवरून सोडत जाईन."

आण्णांनी पानातील शेवटचा घास संपवला, पान धुऊन प्यायले आणि म्हणाले, "तू लिलावाला जाणार की मला सोडायला येणार?"

मुलाचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. बेदाण्याचा सौदा चालू असताना व्यापाऱ्याला सकाळची घटका मोकळी मिळत नाही हे खरे, तसेच या वयात रस्त्यावर सायकल चालवणे सोपे नाही हेही खरे. पण आवाज हे केवळ निमित्त आहे, सायकल बंद व्हावी हा खरा हेतू आहे, हे आण्णांनी ओळखले होते. आणि भाद्रपद शुद्ध पंचमी पंधरा दिवसांवर आली होती. त्या दिवशी दशलक्षण पर्वाला प्रारंभ होतो. तासगावात त्याच दिवशी गणपतीचा रथही निघतो. पटवर्धनांनी बांधलेल्या त्या देवळाच्या उंच गोपुरासमोरचा रस्ता माणसांनी फुलून जातो, चारचाकी गाडी आत शिरत नाही. पर्वाचे दहा दिवस पहाटेच्या अभिषेकाला आण्णांनी आजवर कधी चुकवलेले नाही. दुसऱ्याच्या सवडीवर अवलंबून राहून ते साधणार नव्हते.

अखेर अकरावीत शिकणाऱ्या नातीने मध्यस्थी केली. आवाज नेमका कुठून येतो हे आधी पाहू, मग सायकल ठेवायची की द्यायची ते ठरवू, असे तिने सुचवले. व्यापारी घरात हा विचार पटायला वेळ लागत नाही. माल पाहिल्याशिवाय भाव कोणी करीत नाही.

जुन्या सायकलीच्या आवाजाचे मूळ शोधणे वाटते तितके सोपे नसते, कारण लोखंडी चौकट आवाज वाहून नेते. पॅडलमधील खडखड मागे ऐकू येते, मडगार्डच्या सैल नटाची थरथर चाकातून आल्यासारखी भासते. म्हणून प्रथम इतका एकच प्रश्न विचारावा लागतो: पाय चालू असताना आवाज येतो, पाय थांबवल्यावर येतो, की दोन्ही वेळा? पाय थांबताच आवाज थांबला तर दोष बहुधा पॅडलमध्ये, क्रँकमध्ये किंवा चेनमध्ये असतो. पाय थांबल्यावर येणारी बारीक टिकटिक ही फ्रीव्हीलमधील खटक्यांची असते, तिच्यात दोष काहीच नाही. दोन्ही वेळा आवाज येत असेल तर संशय चाकावर जातो. कारण पाय चालोत वा थांबोत, चाक फिरतच असते.

नातीने गल्लीत सायकल चालवून पाहिली. आवाज दोन्ही वेळा होता. मग तिने मोजणी केली. या सायकलीला पुढे 44 आणि मागे 18 दाते आहेत, म्हणजे पॅडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते. आवाज पॅडलच्या फेऱ्याशी जुळत नव्हता. चाकाच्या फेऱ्याशीही तो एकास एक जुळेना. टायरला बांधलेल्या पांढऱ्या दोऱ्याच्या एका फेऱ्यात पाच-सहा वेळा दबकी घरघर उमटे. तिने हे वहीत लिहून ठेवले. त्याचा अर्थ मात्र तिला उमगला नाही.

दुसऱ्या दिवशी सायकल मिस्त्रींकडे गेली. मिस्त्री आण्णांहून दहा वर्षांनी लहान; त्यांचे दुकान म्हणजे एक पत्र्याची टपरी, एक पंप आणि पाण्याचे घमेले. त्यांनी सायकल स्टँडवर लावून मागचे चाक फिरवले, आणि आवाज जवळजवळ नाहीसाच झाला. येथे अनेकांची फसगत होते. चाक अधांतरी असताना छर्ऱ्यांवर भार नसतो, त्यामुळे दुखरी जागा गप्प बसते. माणूस बसला की ती बोलू लागते. असा वेळी "काही नाही, तेल द्या" असे सांगून सायकल परत पाठवणारे कारागीर पुष्कळ आहेत.

मिस्त्रींनी तसे केले नाही. त्यांनी चेन उतरवून बाजूला ठेवली. चेन नसली की फ्रीव्हीलचे दाते चाकाबरोबरच फिरतात, खटके वाजत नाहीत, क्रँक स्थिर राहतो. मग जो काही आवाज उरतो तो केवळ हबचा. त्यांनी पेचकसाचे टोक आसाच्या नटावर टेकवले, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि चाक संथपणे फिरवले. नंतर तोच पेचकस त्यांनी आण्णांच्या हाती दिला. ज्यांना सूनबाईंची हाक ऐकू येत नाही त्या आण्णांना हाडावाटे आलेली घरघर स्पष्ट कळली. त्यांचा चेहरा क्षणभर उतरला. दोन महिने घरातील लोक खोटे बोलत नव्हते.

चाकाची रिम धरून आडवी हलवली असता किंचित खेळ जाणवला. चाक कोठेही धरले तरी तो सारखाच होता, त्यामुळे रिम आऊट नसून हब सैल आहे हे ठरले. आता ते उघडणे आले.

सायकलीच्या हबची रचना शंभर वर्षांत फारशी बदललेली नाही. मधोमध एक आस. तो फिरत नाही, चिमट्यात नटांनी घट्ट बसवलेला असतो. त्याच्यावर दोन्ही बाजूंना एकेक कोन. हबच्या पोटात दोन्हीकडे एकेक कप. कोन आणि कप यांच्या मध्ये पोलादी छर्रे, मागच्या चाकात सामान्यतः पाव इंचाचे, प्रत्येक बाजूस नऊ. सायकलीच्या चाकात छर्रे बसवण्याची ही युक्ती 1869 च्या सुमारास पॅरिसमध्ये ज्यूल सुरिरे याने प्रचारात आणली. चाळीस वर्षांच्या जुन्या सायकलीचे चाक आजही हलके फिरते ते त्यामुळेच.

भार आसावर असतो आणि आस फिरत नाही. त्यामुळे कोनाची खालची बाजू नेहमी तीच राहते आणि स्वाराचे सारे वजन वर्षानुवर्षे त्या एवढ्याशा जागेवर पडते. कप मात्र चाकाबरोबर फिरतो, म्हणून त्याची झीज साऱ्या परिघावर वाटली जाते. यामुळे आधी खराब होतो तो कोन. त्याच्या तळाशी बारीक खड्डा पडला की प्रत्येक छर्रा त्याच्यावरून जाताना आपटतो. छर्रे चाकाच्या निम्म्याहून थोड्या अधिक गतीने फिरतात. नऊ छर्रे असता चाकाच्या एका फेऱ्यात पाच-सहा आघात होतात. नातीच्या वहीतील आकडा तोच होता. मिस्त्रींनी ही मोजणी कधी केली नव्हती; त्यांनी वही दोनदा वाचली आणि "ताई, हे बरोबर आहे" एवढेच म्हणाले.

मग चाक काढले. पत्र्याच्या ताटलीत जुने कापड अंथरून त्यावर हब उघडला, कारण एक छर्रा घरंगळला तर तो सापडेपर्यंत दिवस जातो. आतून जे निघाले ते ग्रीस नव्हते. तांबूस, कोरडा, मातीमिश्रित लगदा होता. आण्णा दर रविवारी हबवरच्या छिद्राची पट्टी सरकवून शिलाई मशीनचे पातळ तेल सोडीत असत. काळजीपोटीच ते करीत. पण पातळ तेल आतले ग्रीस धुऊन नेते आणि वाटेवरची धूळ ओढून घेते. भरीला, पावसाळ्याच्या तोंडी दुकानातील मुलाने गाड्या धुण्याच्या ठिकाणी नेऊन सायकल जोराच्या पाण्याखाली धरली होती. कोनाच्या फटीतून ते पाणी आत गेले आणि तेथेच राहिले.

छर्रे मोजले. डावीकडे नऊ, उजवीकडे आठ आणि एकाचे दोन तुकडे. उजव्या कोनावर नखाला लागेल असा खड्डा होता. कप दोन्ही शाबूत निघाले, हे भाग्य. कप गेला असता तर हबच बदलावा लागला असता.

एवढ्यावर काम भागेल असे वाटत होते. पण मिस्त्रींनी आस रॉकेलने पुसून टेबलावरच्या काचेवर ठेवला आणि बोटाने लोटला. तो सरळ घरंगळला नाही. दर फेऱ्याला उचकी लागल्यासारखा उडे. आस वाकला होता. भिंगाखाली पाहता फ्रीव्हीलच्या बाजूस, आट्यांच्या खाचेत, केसासारखी तडाची रेघ दिसली. मागच्या आसाचे हे नेहमीचे दुखणे आहे. उजवीकडे फ्रीव्हीलला जागा करून देण्यासाठी छर्रे आत सरकलेले असतात, त्यामुळे त्या बाजूचा आसाचा तुकडा आधाराशिवाय लांब राहतो, आणि मागे जड ओझे पडले की तेथूनच वाकतो.

"कॅरिअरवर काय नेता, आण्णा?" मिस्त्रींनी मोठ्याने विचारले.

"कोथिंबीर," आण्णा म्हणाले.

उत्तर दुकानातून आले. बेदाण्याचे 15 किलोचे बॉक्स वाहतूकवाल्याकडे पोचवताना, गाडी मोकळी नसली की दुकानातील मुलगा आण्णांचीच सायकल नेई. एका खेपेस तीन, कधी चार बॉक्स. ही परवानगी आण्णांच्या मुलानेच दिली होती. ज्या सायकलीला तो भंगार म्हणत होता तिच्यावरच दोन हंगाम त्याचा माल गेला होता. मिस्त्रींनी आस त्याच्या हातात दिला. त्याने तो उजेडाकडे धरला, रेघ पाहिली आणि बराच वेळ काही बोलला नाही. आस धावत्या चाकात तुटला असता तर चाक चिमट्याला घासून अडले असते, आणि पहाटेच्या अंधारात आण्णा कुठे पडले असते, याचा हिशेब त्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

"नवा आस टाका," तो म्हणाला. "कोन दोन्ही बदला. छर्रे सगळे."

छर्रे सगळेच बदलावे हे योग्य. जुन्यांत एक नवा मिसळला तर त्या किंचित मोठ्या छर्ऱ्यावर सारा भार येतो आणि तो पुन्हा फुटतो. या सर्व सामानाचा खर्च एका नव्या टायरपेक्षाही कमी आला.

धुण्याचे काम नातीने केले. ताटलीच्या कडेने मुंग्यांची रांग जात होती, म्हणून आण्णांनी ताटली उचलवून ओट्यावर ठेवायला लावली. वापरलेले रॉकेल मातीत न ओतता डब्यात भरून मिस्त्रींकडे दिले. ग्रीसविषयी त्यांच्या मनात जुनी शंका होती. पूर्वीच्या काही ग्रीसांत जनावरांची चरबी वापरली जात असे, आणि वडिलांनी त्या कारणाने ते घरात येऊ दिले नव्हते. पातळ तेलाची सवय तेथूनच लागली होती. आज बाजारात सर्वत्र मिळणारे लिथियम ग्रीस प्रायः एरंडेल तेलापासून केलेल्या आम्लावर बनते. नातीने हे सांगितल्यावर आण्णांनी डबी हातात घेऊन वास घेतला व परवानगी दिली.

कपात ग्रीसची गादी करून नऊ-नऊ छर्रे बसवले, कोन हाताने आवळून पाव फेरा मागे घेतला आणि चेकनट घट्ट केला. कोन जास्त आवळला तर नवे छर्रेही महिन्याभरात खड्डे पाडतात. सैल ठेवला तर पुन्हा तोच खेळ. पारख साधी आहे. चाक चिमट्यात बसवून, चेन न चढवता, हलकेच सोडून द्यावे. व्हॉल्व्हच्या वजनाने ते आपोआप फिरून, व्हॉल्व्ह तळाशी येऊन, दोन-तीन झोके घेऊन थांबले पाहिजे. मिस्त्रींना दोनदा कोन सैल करावा लागला. तिसऱ्या वेळी चाक झोके घेत थांबले. छिद्रावरची पट्टी त्यांनी घट्ट दाबली आणि दर रविवारचे तेल बंद, वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, हब उघडून ओव्हरऑईल करायचे, असे आण्णांच्या कानाशी जाऊन सांगितले.

कॅरिअर त्याच संध्याकाळी निघाले. काढले ते मुलाने, स्वतः पाना घेऊन. भाजीसाठी पुढे एक तारेची टोपली लावली. तिच्यात बेदाण्याचा बॉक्स मावत नाही.

पंचमीच्या पहाटे आण्णा अभिषेकाला निघाले तेव्हा रथाच्या तयारीसाठी रस्त्यावर पाणी मारणे चालू होते. सूनबाई सवयीने दाराकडे कान देऊन होत्या. परतण्याची वेळ टळून गेली तरी घरघर ऐकू येईना, म्हणून त्या काळजीने बाहेर आल्या. आण्णा केव्हाच आले होते. पायरीशी सायकल लावून, टोपलीतील दोडकी काढत होते.